कलबुताच्या मापाचे जोडे

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात जोडे शिवणारा एक कारागीर होता. हात मोठा कसबी, पण डोक्यात सतत कसला ना कसला भुंगा. जोडा चामड्याचाच का? अंबाडीच्या धाग्याचा का नाही? वडाच्या चिकाचा का नाही?

त्या राज्यात दर साली तीन डोंगरांची दौड होई. पहिला येईल तो राजाचा जासूद, म्हणजे निरोप पोचवणारा. पण प्रत्येकाला दोनदाच धावायला मिळे. एका मेंढपाळाची मुलगी आदल्या साली खडकावरून घसरून हरली होती. ती कारागिराकडे आली आणि म्हणाली, "काका, ही माझी शेवटची दौड. पाय घसरणार नाही असे जोडे करा."

झालं! कारागिराला तहानभूक सुचेना. शेळी कड्यावरून घसरत कशी नाही, म्हणून त्याने तिचा खूर उलटून पाहिला. कडेला टणक, मध्ये मऊ! मग त्याने तळाच्या कडेला म्हशीचं चामडं लावलं, मध्ये घट्ट केलेला वडाचा चीक भरला आणि वरून अंबाडीची जाळी विणली. असे जोडे कुणी पाहिले नव्हते.

शेळी म्हणाली, "खूर माझा पाहिलास. पाय त्या मुलीचा पाहिलास का?"

"पाहायचं काय त्यात? माप आहे की!"

तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याने भल्या सकाळी, मुलगी झोपून उठल्या उठल्या माप घेतलं होतं आणि तसा लाकडी पाय, म्हणजे कलबूत, कोरून ठेवला होता. जोडे त्यावर चपखल बसले. मुलगी ते घालून धावून आली आणि म्हणाली, "बोटं आवळतात हो, काका."

तो हसला. "कलबुताला बसलेत ना? मग तुलाही बसतील."

दौडीच्या दिवशी जोडे कसे चालतात ते बघायला तो तिसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. मुलगी सगळ्यांच्या पुढे आली. ती एकदाही घसरली नव्हती. पण तिथे ती मटकन खाली बसली. उन्हाने आणि धावण्याने पाय टम्म सुजले होते.

"अगं, कलबुताला तर बरोबर बसले होते!"

"मग कलबुतालाच पळवायचं होतं!" मुलगी रडत ओरडली. मागून बाकीचे येताना दिसू लागले.

शिवून झालेल्या जोड्याला कारागिराने आयुष्यात कधी हत्यार लावलं नव्हतं. त्याचा जीव तुटला. पण त्याने कमरेची रापी काढली आणि दोन्ही जोड्यांची टोकं कापून टाकली. दहाही बोटं मोकळी झाली. मुलगी उठली आणि सुटली.

ती पहिली आली, जोड्यांतून बोटं बाहेर काढून. लोक हसले. पुढच्या साली तेच लोक तसलेच जोडे मागायला आले. कारागीर आधी त्यांना एक डोंगर पळवून आणी, कुठे दुखतं ते विचारी आणि मगच माप घेई. कलबूत त्याने दाराला टेकू म्हणून लावलं होतं. येता-जाता शेळी त्या कलबुताला शिंग मारी.

तात्पर्य: नवं काही घडवताना, ते ज्याच्यासाठी घडवायचं त्याचं आधी ऐकावं.