पेलाभर नमुना

"आक्का, केलेले उपकार माणसं इतक्या लवकर कशी विसरतात?"

सर्जेराव खोत हा प्रश्न तोंडात घेऊनच मठाच्या अंगणात शिरले. चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, पण उत्तराला थांबायचा धीर काही त्यांच्यात नव्हता. तो कधीच नव्हता म्हणा. म्हणून तर सायकलवरनं दूध गोळा करणाऱ्या बापाच्या या लेकानं अकरा गावांची डेअरी उभी केली.

चंद्राक्का म्हशीला वैरण टाकत होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढं, पाठीला जरासा बाक, आणि डोळ्यांत सदा असं काही, की समोरच्याला वाटावं आपल्या नाकाला शाई तर लागली नाही ना. रानवाडीच्या टेकावरचा हा मठ गुरूंनी त्यांच्या हवाली केला त्याला चाळीस वर्षं झाली होती. एक समाधी, दोन खोल्या आणि दोन म्हशी, एवढाच त्यांचा पसारा.

सर्जेराव दहावीला दुसऱ्यांदा आपटले तेव्हा वडलांनी त्यांना आणून आक्कांच्या पायावर घातलं होतं. तेव्हापासून ते शिष्य. आता पन्नाशी उलटली, पोट सुटलं, तालुका 'साहेब' म्हणू लागला, पण आक्कांच्या लेखी ते सर्जाच राहिले.

"कोण इसरलं, सर्जा?"

"रानवाडीच्या बायका. अर्ज आलाय. एक तारखेपासून दूध त्या नव्या डेअरीला घालणार म्हणे."

"बरं."

"बरं काय, आक्का? रानवाडी गेली की बाकीची दहा गावं मागनं जाणार. सहा टेम्पो आहेत माझे, चाळीस माणसं आहेत कामाला. त्यांच्या घरात काय सांगू मी?"

आक्कांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि हात धुतले. सर्जेराव ओट्यावर टेकले. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. डेअरी म्हणजे त्यांचा जीव. तिची पहिली बरणी त्यांनी स्वतःच्या खांद्यावरनं वाहिली होती.

"आणि केलं काय कमी मी?" ते बोटांवर मोजत सुटले. "बसथांब्याला शेड बांधून दिली. दवाखान्याची गाडी महिन्याला येते. चार शाळांत पोरांना रोज पेलाभर दूध. येत्या रविवारी जिल्ह्याचा पुरस्कार मिळतोय, सामाजिक बांधिलकीचा. माझा पुतण्या एमबीए झालाय, तो याला सीएसआर म्हणतो. ट्रॉफीचा फोटो पाठवलाय त्यांनी. दाखवू?"

"दाखव की."

आक्कांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"झकास हाय. ह्यो दूध पिणारा पोरगा का?"

"हो. काचेचा आहे."

"मग त्येला प्यायला येनार न्हाई."

सर्जेराव हसले, पण कसनुसं. आज थट्टा पचायचा दिवस नव्हता.

"तुम्ही एक काम करा, आक्का. बायकांना बोलावून घ्या आणि दोन शब्द सांगा. तुमचं कुणी मोडणार नाही."

ओट्याजवळच्या चुलीपुढं बसून आक्कांनी लाकूड सारलं, भांडं ठेवलं, आलं ठेचलं. पलीकडं म्हैस निवांत रवंथ करत होती.

"शाळंतलं दूध कुठनं येतं रं?"

सर्जेरावांचा चेहरा उजळला. ही त्यांची आवडती गोष्ट होती. पुरस्काराच्या अर्जात तिच्यावर अख्खं पान खर्ची पडलं होतं.

"ती तर माझी स्वतःची कल्पना. सेंटरवर प्रत्येक बाईच्या किटलीतनं पेलाभर दूध नमुना म्हणून काढतात. फॅट तपासायला, मापात धरायच्या आधी. तो नमुना टेबलाखालच्या कॅनमध्ये जातो. डेअरी सुरू झाल्यापासनं तसंच चालत आलंय. मी म्हटलं, हे दूध शाळेला का देऊ नये? आता एक थेंब वाया जात नाही."

"वा," आक्का म्हणाल्या.

त्यांनी चहा गाळला. कप काठोकाठ भरला आणि सर्जेरावांच्या पुढं धरला. सर्जेरावांनी हात पुढं केला, तसा कप मागं गेला.

"थांब. बरा झालाय का बघू दे."

त्यांनी कपातला थोडा चहा एका पितळी वाटीत ओतला. वास घेतला. मान डोलावली. पुन्हा कप पुढं.

सर्जेरावांचा हात पुन्हा पुढं.

"आरं हां, साखर बघायची ऱ्हायली."

पुन्हा थोडा चहा वाटीत.

"आक्का, चालेल मला कसाही."

"तुला चालंल, पर मला तपासाय नको? आलं तेवढं बघते."

तिसऱ्यांदा वाटीत ओतला. सर्जेरावांच्या हाती आला तेव्हा कपात अर्धाच चहा होता. म्हातारीचं वय झालं, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना जरा वाईटही वाटलं. त्यांनी मुकाट घोट घेतला.

आक्का वाटी घेऊन अंगणाच्या दाराशी गेल्या.

"इलाहीभाई, या की. चहा घ्या."

सर्जेरावांचे ड्रायव्हर इलाहीभाई गाडी पुसत होते. साठीला टेकलेले, चहाच्या नावानं झोपेतनं उठणारे. फडकं खांद्यावर टाकून ते आले आणि दोन्ही हातांनी वाटी घेतली.

"आक्का, तुमच्या दारातनं कुणी मोकळं जात न्हाई बघा. केवढं मोठं मन."

"घ्या हो. त्यात काय एवढं," आक्का लाजल्यासारखं करून म्हणाल्या.

आता मात्र सर्जेरावांना राहवलं नाही.

"इलाहीभाई, माझ्या कपातला आहे तो चहा."

इलाहीभाईंनी एक भुरका मारला, वाटीकडं बघितलं, मग मालकाकडं.

"असू दे की साहेब. वाया तर गेला न्हाई."

आणि ते वाटी घेऊन गाडीकडं निघून गेले.

सर्जेराव हातातल्या अर्ध्या कपाकडं बघत राहिले. जवळजवळ हेच शब्द त्यांनी आत्ता, याच ओट्यावर, छाती पुढं काढून उच्चारले होते. त्यांचे कान तापले. आधी राग आला. मग तो कुणावर काढायचा तेच कळेना…

"नमुना घ्यावाच लागतो, आक्का," ते म्हणाले. "त्याशिवाय फॅट कळत नाही."

"तर. घ्यायलाच पायजे. किती लागतं त्या यंत्राला?"

"दोन चमचे."

"आन् पेला?"

"…सुरुवातीला यंत्र वेगळं होतं. तेव्हापासनं पेलाच आहे."

"यंत्र बदललं, पेला न्हाई बदलला," आक्का म्हणाल्या, काल वारं जरा जास्त होतं असं सांगावं तशा.

"पण मी काही ते विकत नाही. पोरांना देतो."

"चांगलं करतोस. पोरं बाळसं धरत्यात. रानवाडीच्या शाळंतली पोरं तर लई खूश हाईत. आईच्याच किटलीतलं दूध, पर तुझ्या नावाच्या पेल्यातनं प्यालं की ग्वाड लागतं म्हनत्यात."

शाळेतल्या प्रत्येक पेल्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. ते कोरायचं काम कोल्हापुरातल्या उत्तम कारागिराला दिलं होतं, याचाही त्यांना फार अभिमान होता.

"अर्ज वाचलास का रं?" आक्कांनी विचारलं.

"पुतण्यानं वाचला. मला त्यानं सांगितलं."

"अंगठे कुणाकुणाचे हाईत ते सांगितलं?"

"बावन्न बायका आहेत म्हणाला."

"पयला अंगठा माझा हाय."

सर्जेरावांनी कप खाली ठेवला.

"तुमचा?"

"ह्या दोन म्हशी काय शोभेला बांधल्यात? सात वर्सं झाली, माझं दूध तुझ्याच सेंटरवर जातंय. शेजारची हौसा किटली घिऊन जाती. सकाळी एक पेला, सांजंला एक पेला. दोन म्हशींच्या दुधात पेला कळतो, सर्जा. अकरा गावांच्या दुधात न्हाई कळत."

ज्या बाईच्या पायावर आपण दर गुरुवारी डोकं ठेवतो, तिच्या किटलीत आपला पेला सात वर्षं रोज दोनदा बुडतो, आणि आपल्याला पत्ताच नाही. त्यांना खूप लाज वाटली. लाज वाटल्यावर सर्जेराव नेहमी मोठ्यानं बोलत, पण आज त्यांचा आवाज बसला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू दर गुरुवारी येतोस. नमस्कार करतोस. काय काय वाटलंस त्ये सांगतोस. इचारलंस कवा?"

झाडावरनं एक साळुंकी अंगणात उतरली आणि वैरणीतलं काही टिपून गेली.

"बरं, मग कॅन काढून टाकतो," सर्जेराव म्हणाले. "आज संध्याकाळपासनं. चमच्यानं नमुना. उरलं तर तिथंच बाईच्या किटलीत परत. झालं?"

आक्कांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"पण मग पोरांचं काय? चार शाळा आहेत. त्यांच्या तोंडचा पेला काढून घेऊ?"

"तुझ्या घरी किती दूध लागतं?"

"तीन लिटर."

"नमुन्याच्या कॅनातलं?"

"छे छे, ते सगळ्यांचं मिसळलेलं असतं. घरी आपलं निवडक म्हशीचं, दाट…"

सर्जेरावांनी जीभ चावली.

आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सर्जेरावांनी उठून तांब्यातलं पाणी दिलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यांनाही हसू फुटलं. पोट गदागदा हलवत ते हसले. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा जरासा सरकला.

"पोरांना दूध मी देतो," डोळे पुसत ते म्हणाले. "माझ्या खिशातनं. निवडक म्हशीचं. पुतण्या बोंब मारेल, मारू दे."

"मारू दे," आक्का म्हणाल्या.

"म्हणजे आता बायका थांबतील ना?"

"त्ये मला कसं ठावं?"

"तुम्ही सांगा ना त्यांना. निदान तुमचा अंगठा तरी…"

"माझी किटली सांजंला हौसाच्या हातनं सेंटरवर येईल. आधी त्यात वत. मग बावन्न बायका बसतील आन् काय त्ये ठरवतील. त्यांत मी एक."

यापेक्षा जास्त काही मिळणार नाही हे सर्जेराव इतक्या वर्षांत शिकले होते. तरीही त्यांना हलकं वाटलं. चूक सापडली की दुरुस्त करायचा हुरूप त्यांना लगेच यायचा; माणूस वाईट नव्हताच, फक्त फार वेगात होता. त्यांनी चपला घातल्या, अंगणाच्या दारापर्यंत गेले, आणि तिथंच थबकले. डोक्यात काहीतरी चमकलं होतं.

"आक्का, हे असं गुपचूप नको करायला."

"मग?"

"रविवारचा पुरस्कार राहू दे बाजूला, मी जातच नाही. त्याऐवजी रानवाडीत कार्यक्रम घेऊ. मांडव, स्पीकर. अकरा गावांच्या बायका बोलवू. एकेका बाईला स्टेजवर बोलवायचं आणि तिचं दूध तिच्या किटलीत सगळ्यांच्या समोर मी माझ्या हातानं परत ओतायचं. पेपरवाले येतील. राज्यात कुणी केलं नसेल असं. अध्यक्ष तुम्ही. काय म्हणता?"

ते भरभरून बोलत होते. डोळ्यांपुढं मांडव उभासुद्धा राहिला होता. गाडीपाशी इलाहीभाई रिकामी वाटी फडक्यानं पुसत ऐकत होते.

आक्कांनी वैरणीची पेंढी उचलली. बराच वेळ त्या शिष्याकडं कौतुकानं बघत राहिल्या…

"लई भारी हुईल कार्येक्रम. फकस्त एक सांग, सर्जा. बाईचं दूध बाईच्या किटलीत वतल्यावर हार कुनाच्या गळ्यात घालायचा?"