मंजुळेच्या वेणीचा मोगरा

एका गावात एक भोळा सोपान होता. भोळा म्हणायचं ते त्याची बायको कौसा समोर असली म्हणून. ती नसली की गाव दुसराच शब्द वापरायचं.

कौसाच्या धाकट्या बहिणीचं, मंजुळेचं, वैशाखात लग्न ठरलं. मंजुळेची वेणी गुडघ्यापर्यंत. कौसा भर बैठकीत बोलून बसली, "वेणीत माळायचा मोगरा माझ्या दारचा!" आता फुलं आली नाहीत, तर माहेरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

तिनं सोपानला बजावलं, "मोगऱ्याच्या कुंडीला रोज पाणी घाला. चुकवू नका. कळलं का?"

"कळलं की!"

दुसऱ्या दिवशी धो धो अवकाळी आला. सोपान एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं तांब्या ओतत उभा. शेजारच्या गंगूमावशीनं खिडकीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरं, वल्यात पाणी घालत्यात व्हय? मुळं कुजतील! वाळलं म्हंजे घालावं. कळलं का?"

"कळलं की!"

पुढे ऊन पडलं. कौसानं लग्नाचे पापड बाजेवर वाळत घातले. सोपाननं एक उचलून पाहिला. खडखडीत वाळलेला! बिचारा धावत गेला आणि त्यानं दोन बादल्या ओतल्या.

कौसा रडायचीच बाकी होती. "अहो, उन्हातलं पाण्यापासून जपायचं असतं! पाणी दिसलं की उचलून घरात आणायचं. कळलं का?"

"कळलं की!"

संध्याकाळी कौसानं मोगऱ्याला पाणी घातलं. सोपानला कुंडीत पाणी दिसलं. त्यानं कुंडी उचलली आणि माळ्यावर नेऊन ठेवली. कौसा समजली, मावशीनं नेली असेल. मावशी समजली, कौसानं हलवली असेल. आठवड्यानं कुंडी सापडली तेव्हा मोगरा पिवळा पडला होता.

मावशी म्हणाली, "अरं, पिवळं पडलं की उन्हात ठेवावं. कळलं का?"

"कळलं की!"

त्याच दुपारी सासरे आमंत्रणाला आले. चालून दमलेले, चेहरा पिवळा. जेवले आणि बाजेवर घोरू लागले. सोपाननं सासऱ्यांसकट बाज ओढत अंगणात नेली. सासरे उठले तेव्हा पिवळे नव्हते, हे मात्र खरं. टोमॅटोसारखे लाल झाले होते.

शेवटी मावशीच कात्री घेऊन आली. "नुसता लांब वाढलाय. शेंडं छाटायचं, बुडाशी शेणखत घालायचं. एकाचं दोन फुटत्यात. कळलं का?"

"कळलं की!" सोपान म्हणाला. पण त्याला वाईट वाटलं. झाड पार बोडकं दिसत होतं.

आणि वैशाखात मोगरा असा फुलला की सोपानचे डोळे भरून आले. एकाचे दोन, दोनाचे चार! जन्मात पहिल्यांदाच त्याच्या हातून काही बिघडलं नव्हतं. फुलांची पाटी डोक्यावर घेऊन तो लग्नाच्या सकाळी सासुरवाडीला पोचला.

कौसा हरखली. मंजुळा न्हाऊन, वेणी घालून, भिंतीला टेकून पेंगत होती. कौसा म्हणाली, "इतकी फुलं एका वेणीत कशी मावायची? दोन वेण्या असत्या तर बरं झालं असतं!" आणि ती दोरा आणायला आत गेली.

"एवढंच ना?" सोपान पुटपुटला.

कौसा दोरा घेऊन आली. मंजुळा तशीच पेंगत होती. वेणी सोपानच्या हातात होती. आणि मंजुळेच्या डोक्यावर एक घमेलं शेणखत.

कौसानं किंकाळी फोडली. मंजुळा जागी झाली आणि तिनं त्याहून मोठी फोडली. सासूबाई लाटणं घेऊनच धावत आल्या.

"रडू नका," सोपान समजुतीनं म्हणाला. "आता दोन फुटतील."

"अहो जावईबापू," सासूबाई लाटणं उगारत म्हणाल्या, "वऱ्हाड वेशीवर आलंय! मुहूर्त तासावर आलाय!"

सोपाननं मंजुळेच्या डोक्याकडे नीट निरखून पाहिलं. मग घमेलं उचललं.

"मग अजून एक घमेलं घालावं लागेल."