सुरंगवाडीच्या जुळ्या

आमच्या सुरंगवाडीत दिवाळीच्या तोंडावर आलात, तर प्रत्येक अंगणात चूल पेटलेली दिसेल. चकल्या, करंज्या आम्ही घरातच तळतो. जुळ्या मात्र उघड्यावर, चारचौघांसमोर. पिठाच्या दोन पट्ट्या एकीवर एक ठेवायच्या, मधोमध काडीने दाबायच्या आणि तेलात सोडायच्या. असा लांबट, पोकळ, खरपूस पदार्थ आसपासच्या कुठल्याच गावात होत नाही. पाहुणे विचारतात, हा इथे आला कुठून? माझ्या सासूबाईंनी मला सांगितले ते असे.

फार पूर्वी आमच्या खाडीच्या तोंडाशी एक गलबत फुटले. त्यावरचा चिनी स्वयंपाकी तेवढा जिवंत किनाऱ्याला लागला, असे सांगतात. येसू खारवीण या एकट्या विधवेने त्याला आपल्या पडवीत जागा दिली. त्याचे नाव कुणाला नीट म्हणता येईना, म्हणून गाव त्याला चिना म्हणू लागले. त्याची बोली कुणाला कळत नव्हती. सगळे खुणांनीच चाले.

बरा झाल्यावर त्याने येसूकडे गव्हाचे पीठ मागितले. त्यात पांढरी पूड घालून ते मळले, ओल्या फडक्याखाली झाकले आणि दार लावून घेतले. समुद्राचा वारा लागला की पीठ सुकते, एवढेच कारण. पण गावाला ते कसे कळावे? फटीतून डोकावणाऱ्यांना दिसले ते एवढेच, की बोटभर पट्टी तेलात पडते आणि बघता बघता फुगते. दोघा-तिघांनी तर तिला श्वास घेताना पाहिले म्हणे!

त्यातच शेजारच्या गोदाक्काची दुभती म्हैस एकाएकी आटली. "चांगलं काय करायचं असेल, तर दार कशाला लावतील गो?" असे ती विहिरीवर विचारू लागली. येसूच्या घरचा विस्तव कुणी घेईना. तिच्या दारावरून जाताना बायका पोरांची तोंडे पदराने झाकू लागल्या. शेवटी गावचे मुख्य मानकरी दाजी गावकर यांनी देवळापुढे गाव जमवले. चिन्याला हाकलायचे आणि येसूला वाळीत टाकायचे, हे जवळजवळ ठरलेच होते. वाळीत म्हणजे विहीर बंद, बोलणे बंद. एकट्या बाईने मग जायचे कुठे?

येसू म्हणाली, "दाजीनू, त्याला इथेच तळू दे. सगळ्यांनी बघा, मग काय ते ठरवा."

चूल मांडली. चिन्याने सगळ्यांसमोर पिठात पांढरी पूड घालून ते मळले. पट्ट्या तेलात फुगल्या तशी पुढे बसलेली माणसे मागे सरकली. चिन्याने एक जुळी मोडून अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी येसूने खाल्ली.

"तुम्ही दोघं एकाच घरातली," दाजी म्हणाले. "उतारा आधीच घेतला असेल. ती पूड दाखव."

येसूने करवंटी पुढे केली. कुणी हात लावेना. गोदाक्का मात्र वाकून बघू लागली आणि तिचा चेहराच उतरला.

"अगो, हा तर पापडखार! माझ्याकडून मागून नेलेलास तो?"

"तोच," येसू म्हणाली.

घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसले. दाजी हसले नाहीत. "पूड तुझी ना? मग खा तू."

"मी?"

"मग काय, मी?"

चिन्याने नवी जुळी मोडली. येसूने अर्धी उचलून गोदाक्कापुढे धरली. गोदाक्काने देवळाकडे पाहिले, मग त्या हाताकडे, आणि डोळे मिटून घास घेतला.

उन्हे कलेपर्यंत गाव तिच्याभोवती बसून होते म्हणे, ती कधी कोसळते ते बघत. शेवटी तीच वैतागली. "मेल्यांनो, माझ्या तोंडाकडे काय बघताय? ही निवली. गरम आणा!"

येसू वाळीत पडली नाही. चिना पुढे दुसऱ्या गलबताने गेला, की इथल्याच मातीत मिळाला, याबद्दल गावात दोन मते आहेत. म्हैस परत दूध देऊ लागली का, ते मात्र कुणीच सांगत नाही.

आजही पहिली जुळी मोडली की अर्धी तळणारी खाते आणि अर्धी त्या शेजारणीला देते, जिच्याशी वर्षभरात सगळ्यांत जास्त वाजले असेल. ती घास तोंडात घेऊन क्षणभर थांबते. सगळे अंगण तिच्याकडे टक लावून बघत असते. मग ती गिळते.