शिंपिणीची पिशवी

मोटारी पाखरांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. चिंचेखाली एक जुनी, देखणी मोटार उभी असे. शिंपीण पाखराने टाक्यांनी तिचं चित्र भरून पानांच्या पिशव्या शिवल्या, मोटारीच्या नाकावरचं, ती घडवणाऱ्या कारखान्याचं चिन्हसुद्धा हुबेहूब भरलं. जत्रेत त्या विकून तिला पिल्लांसाठी कापूस घ्यायचा होता. पण कारखान्याचं रखवालदार मुंगूस आलं नि गुरकावलं, "हे चिन्ह आमचं. विकशील तर सगळ्या पिशव्या जप्त!"

शिंपिणीचा संताप झाला. "मोटारमावशी, बघितलंत? चोच झिजवली मी आणि चोरही मीच! तुम्ही इथे गंजत होतात, तेव्हा हे मेलं कुठे होतं?"

"खरंय गं," मोटार म्हणाली. "पण उद्या पिशवी उसवली, तर लोक नावं कुणाला ठेवतील? चिन्ह ज्याचं, त्यालाच ना?"

"उसवेल? माझी पिशवी?" शिंपीण उसळली. "देवाचं नाव घेऊन घालते मी एकेक टाका!"

"मग बाई, इतकं चांगलं काम दुसऱ्याच्या नावावर का खपवतेस?"

 फणफणतच शिंपिणीने पहिल्या पिशवीवरचं चिन्ह उसवलं आणि त्या जागी आपल्या इवल्या चोचीचं चित्र भरायला घेतलं.