सलामीचा बार

एका राज्यात बारा वर्षांत जन्मलेले एकही मूल बोलले नव्हते. मुले हसत, खेळत, ऐकलेले सारे त्यांना समजे. पण शब्द घशाबाहेर येत नसे. तो भुजंगनाथ मांत्रिकाचा शाप होता. राजा अरिमर्दनाने त्याला ज्या ठासणीच्या बंदुकीने मारले, तिच्या नळीतली काजळी जाईपर्यंत राज्यातली मुले मुकी राहतील, आणि बारा वर्षे भरली की मुक्या मुलाचा दगड होईल, एवढे बोलून त्याने प्राण सोडला होता.

मग बंदूक कोणी धुतली का नाही? कारण राजपुरोहिताने सांगितले, नळीतला धूर हा विजयाचा धूर आहे. तो धुतला तर विजयही धुऊन जाईल. म्हणून बंदूक देव्हाऱ्यात गेली. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहिले जाई, झेंडूची माळ पडे. वरून ती आरशासारखी चमके. आत डोळा कोण घालणार?

ती चमकवण्याचे काम हैबती शिकलगाराचे. त्याच्या सात पिढ्या राजाच्या शस्त्रागारात गेल्या होत्या आणि सातही पिढ्यांचा एकच नेम होता: ज्या दिवशी बार, त्याच दिवशी पाण्याची धार. हे पुरोहिताला सांगावे, असे हैबतीला दर वर्षी वाटे. मग वाटे, ते शास्त्र शिकलेले, त्यांचेच खरे असेल. घरी आल्यावर वाटे, नसावे. असे करता करता बारा वर्षे सरत आली.

हैबतीची नात रेवा तो बार उडाला त्याच दिवशी जन्मली होती. तिची आई बाळंतपणातच गेली. हैबतीनेच तिला वाढवले. येत्या दसऱ्याला तिला बारा वर्षे पूर्ण होणार होती. राजपुत्र तिच्याहून आठ दिवसांनी लहान. तेव्हा कुठे राजाला पुरोहिताचे शास्त्र पातळ वाटू लागले. त्याने हैबतीला बोलावून नळी धुवायला सांगितली.

हैबतीने गजाला चिंधी गुंडाळली आणि सात घागरी पाणी नळीत ओतले. सातही घागरींचे पाणी बंदुकीच्या कानातून, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकातून, शाईसारखे काळे बाहेर आले आणि आठवीचेही तसेच. तेव्हा देव्हाऱ्याच्या कमानीवर एक साळुंकी येऊन बसली. ती भुजंगनाथाची होती.

"शिकलगारबुवा, आणखी किती घागरी? विहीर आटेल हो," ती म्हणाली. "कढत्या झऱ्याचे पाणी आण, मांत्रिकाच्या विधवेच्या लुगड्याची चिंधी आण आणि मीठ न लागलेली चरबी आण. वाटेत जो जे विचारील, त्याला खरे उत्तर दे."

हैबती तीन डोंगर ओलांडून कढत्या झऱ्यावर गेला. तिथल्या यक्षिणीने विचारले, बार कसला होता? तो म्हणाला, सलामीचा. पाहुणा दारात आला, त्याच्या मानाचा बार होता. उत्तर खरे होते. झरा उकळला, त्याने घडा भरून घेतला आणि तो घडा वाटेत निवला नाही.

मग तो मांत्रिकाच्या विधवेच्या झोपडीत गेला. ती त्याला ओळखत होती. तिने बसायला सांगितले नाही. बंदुकीत दारू किती ठासली होती, एवढेच विचारले. हैबती मान खाली घालून म्हणाला, सलामीला लागते त्याच्या दुप्पट. तिने नेसत्या लुगड्याचा पदर फाडून त्याच्या अंगावर टाकला आणि दार लावून घेतले.

चरबी साळुंकीच्याच राखणीत होती, वडाच्या ढोलीत, मधमाशांच्या मेणात कालवलेली. साळुंकीने विचारले, "नळीत गोळी कोणी घातली?"

"ते सोडून काहीही विचार, बाई."

"दुसरे काही विचारायचे नाही. घेऊन जा. पण सांभाळून लाव हो."

दसऱ्याच्या आदल्या सकाळी हैबतीने नळी धुतली. कढत पाणी आत गेले तशी काजळी सुटली. चिंधी एकदा फिरवली, काळी आली. दुसऱ्यांदा फिरवली, करडी आली. तिसऱ्यांदा पांढरीच्या पांढरी आली. नळी तापून कोरडी झाली. मग त्याने हाताने चिंधीला चरबी चोळली आणि गज तळापर्यंत नेऊन आणला. काम चोख झाले होते. तरीही रेवा बोलली नाही आणि त्याला शंका येत राहिली.

दसऱ्याच्या दिवशी सभा भरली. आईबाप आपापली मुले घेऊन आले होते. हैबतीने सर्वांसमोर नळीत चिंधी घालून काढली, तो ती तांबडी आली. एका रात्रीत नळी गंजली होती. त्याने रेवाकडे पाहिले. तिची पावले घोट्यापर्यंत दगडाची झाली होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

त्याने आपले तळहात पाहिले. घामाने ओले होते. जिभेला लावले, खारट लागले. चरबीला मीठ नव्हते, त्याच्या हाताला होते. सात पिढ्यांनी राजाचे मीठ खाल्ले होते. त्या मिठाला जागूनच तो बारा वर्षे गप्प होता.

"महाराज," हैबती म्हणाला, "सलामीच्या बारात गोळी नसते. दारू आणि वर बोळा, एवढेच. त्या दिवशी आपण गोळी घालायला सांगितलीत. कशाला, ते मला कळले होते. मी घातली. भुजंगनाथ पाहुणा म्हणून दारात हात जोडून उभा होता."

हैबतीने दोन्ही हात पुढे केले. तळहातांतून पांढरे मीठ गळू लागले आणि सिंहासनाच्या पायरीशी त्याचा पसाभर ढीग झाला.

"हे आपले मीठ. परत घ्यावे."

मग त्याने उरलेल्या पाण्याने नळी पुन्हा धुतली, कोरडी केली आणि पुन्हा चरबी लावली. गज आत गेला तो लोण्यात सुरी जावी तसा. रेवाच्या पावलांत रक्त परतले. राजपुत्र बोलला, कोतवालाची मुलगी बोलली, साऱ्या सभेत मुलांचा एकच गलबला झाला. आया रडू लागल्या.

गलबला थोडा ओसरल्यावर राजा उभा राहिला. तो म्हणाला, बारा वर्षे आम्ही अपराध्याच्या शोधात होतो. गोळी घालणारा हात आज सापडला. सभेने जयजयकार केला. हैबतीला हद्दपारी झाली. यापुढे बार उडेल त्याच दिवशी बंदूक धुवावी, असा राजाचा हुकूम निघाला. पुरोहिताने त्याला शास्त्रात आधार काढून दिला. राज्य पूर्वीसारखे सुरळीत चालू लागले. बंदूक देव्हाऱ्यातून काढून पुन्हा राजाच्या हाताशी ठेवली गेली.

हैबती गज खांद्यावर टाकून निघाला. रेवा त्याचे बोट धरून चालत होती. अजून ती एक अक्षर बोलली नव्हती. तो वाट पाहत होता. पहिला शब्द कोणता असेल, याचा त्याने बारा वर्षे विचार केला होता.

वेशीच्या दगडाशी ती थांबली.

"आजोबा, गोळी तुम्हीच घातलीत?"

"हो."

तिने बोट सोडले नाही. पण दिवस मावळेपर्यंत ती पुढे काही बोलली नाही. शाप उतरला होता. आता ती आपल्या मनाने गप्प होती.

ही कहाणी इथे पुसून, कोरडी करून ठेवली आहे. ज्याला वापरायची त्याने वापरावी, आणि त्याच दिवशी धुवावी.