काळोखेशेठची पूड आणि नूरशांची शेळी

“पण बाबा, गळ्यातली ग्रंथी उघडून बघितल्याशिवाय पुडीचा गुण कळणार कसा?”

काळोखेशेठ टेकडीवरच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, चहाची कपबशी घेऊन बसले होते. पशुखाद्याचा धंदा. शाळा चौथीपर्यंत, पण सेलेनियम आणि जस्त हा विषय निघाला की डॉक्टरांनाही बोलू देणार नाहीत, एवढं वाचन. समोर नूरशा फकीर. त्यांच्या मांडीला टेकून एक म्हातारी शेळी रवंथ करत होती.

“लोखंडाला गंज चढतो ना, तसा वय झालं की ग्रंथीलाही चढतो,” शेठ सांगू लागले. “माझी पूड म्हणजे आतून फिरवलेला तेलाचा हात! तुमच्या सहा म्हाताऱ्या शेळ्यांपैकी तिघींना वर्षभर चारली. खूण म्हणून त्या तिघींना घुंगरू बांधलं. आता एक घुंगरूवाली द्या आणि एक बिनघुंगराची. दोघी कापू, जनावरांचे डॉक्टर ग्रंथी मायक्रोस्कोपखाली बघतील, दाखला देतील. तो पोत्यावर छापला की अख्खा बाजार आपला!”

“आणि घुंगरूवालीची ग्रंथी तरुण निघाली तर?”

“तर सिद्धच झालं की! ती अजून चार वर्षं आरामात जगली असती.”

“जगली असती...”

“असती म्हणजे...” शेठ बशीतला चहा उगाच फुंकत राहिले.

नूरशा हसले. मांडीशी बसलेल्या शेळीचा दोर सोडून त्यांनी शेठच्या हातात दिला.

“घे. आधी हिला ने.”

शेठनी दोर ओढला मात्र, शेळी अशी उसळली की कपबशी एकीकडे, टोपी दुसरीकडे. चिंचेला दोन फेरे झाले, कुंपणाचा गडगा ओलांडून झाला. दोर काही शेठनी सोडला नाही. धंद्यातला माणूस, हातात आलेलं सोडायची सवय नाही. शेवटी शेळी खडकावर जाऊन ऐटीत उभी राहिली. खाली शेठ फतकल मारून बसले, गुडघा खरचटलेला, पण चेहऱ्यावर दिवाळी.

“पाहिलंत? पाहिलंत ना बाबा? दहा वर्षांची म्हातारी, आणि ही उडी! ही... ही माझ्या पुडीची कमाल! छे, कापायचं नावच नको. कुणालाच नको. डॉक्टरांनाच इथे आणतो!”

“आण की. पण हिच्या गळ्यात घुंगरू कुठंय?”

शेठनी वर पाहिलं. गळा मोकळा. एवढं धावताना एकदाही छुमछुम ऐकू आली नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं.

हातातला दोर गळून पडला.

“मग... हिने खाल्लं तरी काय, बाबा?”

नूरशांनी शेठची टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

“खाल्लं काही नाही, शेठ. मघाशी आपलं बोलणं ऐकत बसली होती.”