झाकलेली साखर

एकदा एक शिष्या तेवीस पायऱ्या चढून गेली आणि चोविसाव्या पायरीशी बसून राहिली. पायऱ्या रसायनाच्या होत्या. प्रयोगशाळेत ती साखर घडवत होती, आणि ती काही चहात घालायची साखर नव्हे. तान्ह्या बाळांच्या जिवावर उठणारा एक जंतू आहे, त्याच्या अंगावर एका दुर्मीळ साखरेचा थर असतो. माणसाच्या शरीरात ती साखर कुठेच नाही. म्हणून ती रक्ताला आधीच दाखवून ठेवली, तर जंतू आला की रक्त त्याला ओळखते आणि धरते. लस म्हणजे एवढेच. पण जंतूंकडून ती मिळवायची, तर पिंपेच्या पिंपे जंतू वाढवा आणि हाती चिमूट घ्या, तीही मळकी. म्हणून साध्या साखरेपासूनच ती घडवायची.

साखरेच्या कणाला हात पुष्कळ. एका हाताला काम सांगावे तर बाकीचे मध्ये लुडबुडतात. त्यामुळे नको ते हात झाकून ठेवायचे, हव्या त्याच हाताकडून काम करून घ्यायचे, आणि अगदी शेवटी सगळी झाकणे उतरवायची. शिष्येने तीन वर्षे हाडांची काडे केली. तेविसाव्या पायरीला पांढरेशुभ्र, सुईसारखे स्फटिक हाती आले. जो येईल तो बाटली उजेडात धरून म्हणे, "वा! काय देखणं काम आहे!"

उरले होते फक्त झाकणे उतरवणे. तिने चार कण घेऊन जालीम आम्लात टाकून पाहिले होते. तासाभरात त्यांचा काळा डिंक झाला. तेव्हापासून ती त्या पायरीला हातच लावेना. आज मोजमाप पुन्हा करू, उद्या छायाचित्र काढू, असे करत दोन महिने गेले. तिकडे लस बनवणाऱ्यांची तीन पत्रे येऊन पडली.

तिच्या आचार्या वृद्ध होत्या आणि तोंडाच्या फटकळ. एके सकाळी त्या आल्या, चंचुपात्रात पाणी घेतले आणि बाटलीतले सगळे स्फटिक त्यात उपडे केले.

शिष्या किंचाळली. "बाई! अहो, काय केलंत हे! माझी तीन वर्षं!"

"ओरडू नकोस. ढवळ."

"बाई, तुम्हाला ठाऊक तरी आहे का..."

"सत्तर पावसाळे पाहिलेत मी. ढवळ म्हणते ना!"

तिने कांडी फिरवली. स्फटिक वाळूसारखे तळाशी बसून राहिले.

"विरघळली?"

"नाही."

"मग साखर कसली गं ही?"

"साखरच आहे बाई. पण झाकलेली. पाण्याला तिचा हातच लागत नाही."

"आता गाळून घे. एक कणही वाया गेलेला नाही." आचार्या स्टुलावर बसल्या. "पोरी, वाटेत हात झाकलेस ते रास्तच केलेस. पण ती झाकणं वाटेपुरती. जंतू बाळाच्या रक्तात उघड्या अंगानं शिरतो. रक्ताला चोर ओळखायला शिकवायचं आणि त्याचं तोंड फडक्यात गुंडाळून दाखवायचं, हे कुठलं शहाणपण? खरा चोर येईल तेव्हा रक्त त्याला पाहुणा समजेल, आणि कुणीतरी बाई मांडीवर गार पडलेलं मूल घेऊन बसेल. तू इथे काय जपतेयस? लोकांचं 'वा वा'?"

शिष्येला ते झोंबले. खरे होते म्हणून झोंबले.

"आणि पुन्हा काळं पडलं तर?"

"तर पडलं. परत पहिल्या पायरीपासून चढायचं. पाय आहेत ना धड?"

एवढे बोलून त्या निघून गेल्या.

शिष्येने स्फटिक गाळले, वाळवले. या वेळी तिने आम्लाचे नाव काढले नाही. स्फटिक स्पिरिटमध्ये विरघळवले, चिमूटभर काळी धातूची पूड घातली आणि वर हायड्रोजनचा फुगा बांधला. हा मार्ग सौम्य, पण सावकाश. दर तासाला ती थेंब तपासू लागली. पहिल्या दिवशी एक झाकण सुटले. दुसऱ्या दिवशी काहीच सुटेना. पळून जावेसे वाटले, पण तिने पदर खोचला, पूड बदलली आणि पुन्हा फुगा बांधला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचे झाकण उतरले. साखर अभंग होती.

स्फटिक मात्र राहिले नाहीत. बाटलीच्या तळाशी पिवळट, चिकट पाक उरला, बोटभर काकवीसारखा. पुन्हा पुन्हा तपासला. तीच साखर. जंतूच्या अंगावरची, हुबेहूब.

लस बनवणाऱ्यांचा माणूस न्यायला आला. त्याने बाटली उजेडात धरली आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, केवढं तरी होतं म्हणून ऐकलं होतं. निम्मंच उरलं की हो!"

शिष्येने बाटलीचे बूच घट्ट लावले आणि ती त्याच्या हातात दिली.

"साखर सगळी आहे," ती म्हणाली. "गेलं ते झाकणांचं वजन."